तरोटा कोणता, कासोदा कोणता?

(राजूर, ता. वणी, जि. यवतमाळ येथे शेतमजूर आणि चुनाभट्टीवर काम करणाऱ्या बायांच्या बैठकीत केलेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आहेत. दिवसभर वाकून वाकून कंबर धरलेली असते, घरी गेल्यावर चूल वाट पाहत असते, तरीही तुम्ही इतक्या जणी आलात. म्हणून मी फार लांबण लावणार नाही. आपण एरवी बैठकीत मजुरीबद्दल बोलतो, दारूबद्दल बोलतो, मारहाणीच्या केसबद्दल बोलतो. आज एका झाडाबद्दल बोलायचे आहे. नीट सांगायचे तर दोन झाडांबद्दल. दोन्ही तुमच्या रोजच्या वाटेवर आहेत. भट्टीकडे जाताना रस्त्याच्या कडेला आहेत, खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर आहेत, वावराच्या धुऱ्यावर आहेत, अंगणवाडीच्या भिंतीला लागूनसुद्धा आहेत. एकाची भाजी तुम्ही मृगापासून खात आला आहात. दुसऱ्याच्या शेंगांनी लेकरांचे जीव घेतले आहेत. आणि या दोघांची फुले सारखीच पिवळी, वास सारखाच उग्र.

पहिले झाड तरोटा. पुण्या-मुंबईकडे आणि कोकणात त्याला टाकळा म्हणतात. संस्कृतात चक्रमर्द आणि दद्रुघ्न अशी नावे आहेत, दोन्ही नायट्याच्या औषधावरून पडलेली. छत्तीसगडात चरोटा, हिंदीत चकवड किंवा पवाड. दुसरे झाड कासोदा. कोणी कासविंदा म्हणतात, कोणी कासुंदा, आणि काही जण चक्क रानटाकळा म्हणतात. हे शेवटचे नाव मला फार धोक्याचे वाटते. रानटाकळा म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, हाही टाकळाच, जरा रानातला. भाजीच्या झाडाचे नाव विषाच्या झाडाला दिले गेले, हा घोळ आपल्याकडेच झाला आहे असे नाही. ओडिशात तरोट्याला चकुंडा म्हणतात आणि कासोद्याला बड चकुंडा, म्हणजे मोठा चकुंडा. त्या गोष्टीकडे मी येणारच आहे.

आधी एक विचारते. शेतीच्या पुस्तकात तरोट्याला काय म्हणतात? तण. तण म्हणजे काय, तर नको तिथे उगवलेले झाड. पण नको कोणाला? ज्याचे वावर आहे त्याला नको. ज्या बाईला त्याच वावरात निंदायला लावले जाते, ती दुपारी घरी जाताना ओट्यात भरून तेच नेते आणि रात्री लसूण-मिरची घालून, मूठभर तुरीची डाळ टाकून त्याची भाजी करते. एकाच झाडाची दोन नावे झाली. मालकाच्या वहीत तण, आपल्या चुलीवर भाजी. मृग-आर्द्रात घरातले धान्य तळाला गेलेले असते, कपाशीच्या बियाण्याला आणि खताला सगळे पैसे गेलेले असतात, बाजारातली भाजी परवडत नाही. त्या महिन्या-दीड महिन्यात कुटुंबाच्या पोटात जे हिरवे जाते ते बहुतेक बाईने फुकट वेचून आणलेले असते. कुठल्याही सरकारी हिशेबात ते उत्पन्न म्हणून धरले जात नाही. आता शहरांमध्ये रानभाजी महोत्सव भरतात, कृषी विभाग स्वतः भरवतो, तिथे टाकळ्याची जुडी पैसे मोजून घेतली जाते. चांगली गोष्ट आहे, विकायला आपल्या बाया तिथे जायला हव्यात. पण गावात मात्र "तरोटा खातात" हे आजही गरिबी उघडी पाडायचे बोल म्हणून वापरले जाते. पाहुणे आले की भांडे झाकून ठेवणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत.

तर ही भाजी ओळखायची कला कोणाकडे आहे? तुमच्याकडे आहे. निंदताना तुमचा हात किती वेगाने चालतो ते बघा. पऱ्हाटीचे रोप ठेवायचे, तुरीचे ठेवायचे, गवत उपटायचे, तांदुळजा बाजूला काढायचा, तरोटा बाजूला काढायचा. हे सगळे दोन-दोन पानांवर आलेल्या रोपांत करावे लागते, मोठ्या झाडात नव्हे. शिकलेल्या माणसाला ते जमत नाही. स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली आपल्या ग्रंथात या दोन्ही झाडांना वेगवेगळी लॅटिन नावे दिली. तरोट्याला कॅसिया टोरा, कासोद्याला कॅसिया ऑक्सिडेंटॅलिस. ऑक्सिडेंटॅलिस म्हणजे पश्चिमेकडचे, कारण कासोदा मूळचा अमेरिकेच्या उष्ण भागातला आहे. पुढे शास्त्रज्ञांनी दोघांनाही कॅसियातून काढून सेन्ना या कुळात घातले. नावे बदलली तरी झाडे तीच राहिली. लिनियसची नावे टिकली, कारण ती छापली गेली. तुमच्या आज्यांना जे माहीत होते ते कोणी छापले नाही, ते हातातून हातात आले. आणि आता ते मध्येच तुटते आहे, म्हणून मला आज बोलावेसे वाटले.

आता बघा. दोन्हींच्या फांद्या मी आणल्या आहेत, त्या मागपर्यंत फिरू द्या.

तरोट्याचे पान हातात घ्या. एका देठावर बारक्या पानांच्या जोड्या किती? तीन. भुईमुगाला दोन जोड्या असतात, तरोट्याला तीन, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. पानाचा आकार बघा. देठाकडे निमुळता आणि टोकाकडे रुंद, गोल, उलट्या अंड्यासारखा. टोकाची जोडी सगळ्यांत मोठी. रात्री ही पाने भुईमुगासारखी मिटतात.

आता कासोद्याचे पान घ्या. जोड्या मोजा. चार, पाच, कधी सहा. आणि प्रत्येक पान टोकाला अणकुचीदार, भाल्याच्या पात्यासारखे. बोट फिरवले की कळते, अंधारातसुद्धा कळेल. तरोट्याचे टोक बोटाला गोल लागते, कासोद्याचे टोचल्यासारखे लागते. अजून एक खूण आहे, पण त्यासाठी नजर बारीक लागते. कासोद्याच्या देठाच्या अगदी मुळाशी, जिथे देठ फांदीला चिकटतो तिथे, एक फुगीर गाठ असते, मोहरीएवढी. तरोट्याला ती तिथे नसते. त्याला खालच्या पानांच्या जोड्यांच्या मधे बारीक काडीसारखे टोक असते.

शेंगांत तर गफलत होऊच नये. तरोट्याची शेंग बारीक, लांब, वीतभर, विळ्यासारखी वाकलेली. पिकल्यावर तिच्यातले बी चकचकीत, तपकिरी, कोनाकोनाचे, काडीचे तिरपे तुकडे केल्यासारखे. कासोद्याची शेंग चपटी, चार-पाच इंचांची, वरच्या बाजूला तोंड करून उभी. मधे तपकिरी पट्टा आणि दोन्ही कडा फिकट. तिच्यातले बी चपटे, गोलसर, गुंडीसारखे, मळकट रंगाचे. झाडही उंच होते, बाईच्या डोक्याएवढे वाढते. तरोटा सहसा कमरेपर्यंत.

एक तिसरेही झाड आहे, तेही अमेरिकेकडचे, आता महाराष्ट्रभर माजले आहे. पाने तरोट्यासारखीच पण त्यांवर लव असते, हाताला मऊ लागतात. शेंगा आखूड, चपट्या, गुच्छाने येतात आणि दोन बियांच्या मधे चिमटलेल्या असतात. त्याची भाजी करायची नाही. पानावर केस दिसले की सोडून द्या.

मागे बसलेल्या मावशी म्हणताहेत, "बाई, हे आम्हाला माहीत हाय." माहीत आहे, मी मान्य करते. मग मला सांगा, तुमच्या सहा वर्षांच्या नातीला माहीत आहे का? तिच्या कडेवरच्या भावाला? कारण ज्या गोष्टी मी आता सांगणार आहे त्यांत कासोदा मोठ्या माणसांनी खाल्लेला नाही. लेकरांनी खाल्ला.

उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात, बिजनौर, सहारनपूर या बाजूला, वर्षानुवर्षे एक आजार येत असे. पावसाळा सरला की सुरू व्हायचा आणि थंडी पडली की थांबायचा. दोन ते सहा-सात वर्षांची मुले. संध्याकाळपर्यंत खेळणारे मूल ओकाऱ्या करायला लागायचे, भ्रम व्हायचा, झटके यायचे, बेशुद्ध पडायचे, आणि दोन-तीन दिवसांत जायचे. ताप फारसा नसायचा. दरवर्षी वर्तमानपत्रांत मेंदूज्वराची साथ म्हणून बातमी यायची. फवारणी व्हायची, डासांना दोष दिला जायचा. मुले सगळी गरीब घरची, खेड्यातली. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ यांना हे पटेना. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये काम केलेले विषाणूतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन आणि इतर सहकारी त्यांच्याबरोबर होते. मेंदूला सूज होती, पण मेंदूज्वरात दिसतो तसा जंतूंचा मागमूस नव्हता. उलट यकृत खराब झालेले होते, स्नायू खराब झालेले होते. असे एकाच वेळी होते ते विषाने. मग त्यांनी आजारी मुलांच्या घरी आणि त्याच वस्तीतल्या निरोगी मुलांच्या घरी जाऊन तेच ते प्रश्न विचारले. मूल कुठे खेळले, काय तोंडात घातले. आजारी मुलांच्या बाबतीत कासोद्याच्या शेंगा पुन्हा पुन्हा पुढे आल्या. २००७ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. नंतर गावोगावी सांगितले गेले, स्थानिक वर्तमानपत्रांनी छापले, आणि आजार ओसरला. लस नाही, औषध नाही. एक झाड ओळखता आले, एवढ्याने.

यात माझ्या मनात एक गोष्ट राहून राहून येते. इतकी वर्षे आजारी मुलाच्या उशाशी बसलेली आई तिथे होती. शेंगा खाल्ल्या का, हा प्रश्न विचारायला एवढी वर्षे का लागली? कारण मूल दवाखान्यात आणणाऱ्या बाईला आपण प्रश्न विचारत नाही, आपण तिला सूचना देतो. लेकराला स्वच्छ ठेवा, पाणी उकळा, मच्छरदाणी लावा.

दुसरी गोष्ट ओडिशातली, आपल्या गडचिरोलीहून फार लांब नसलेल्या मलकानगिरी जिल्ह्यातली. २०१६ च्या पावसाळ्यानंतर तिथे काही महिन्यांत शंभराच्या आसपास लहान मुले दगावली, जवळजवळ सगळी आदिवासी. काहींना जपानी मेंदूज्वर होता हे तपासणीत दिसले. पण बाकीच्यांचे काय? सरकारने डॉ. जेकब जॉन यांनाच बोलावले. त्यांनी सांगितले की बड चकुंड्याच्या बियांतले विष या मुलांच्या अंगात गेले आहे. मुलांच्या लघवीत त्या विषाचे अंश सापडले. पोट भरलेल्या धडधाकट मुलाने दोन बिया खाल्ल्या तर कदाचित निभावेल. आधीच कुपोषित, रात्री उपाशी झोपलेले मूल असेल तर त्याच्या रक्तातली साखर एकदम खाली जाते आणि पहाटे ते उठतच नाही.

हे विष उतरवायला नेमके औषध नाही, हे लक्षात ठेवा. भगत-मांत्रिकात वेळ घालवू नका. मूल ओकायला लागले, बरळायला लागले, तर सरळ दवाखान्यात न्या. लगेच साखर देणे आणि झटके थांबवणे यावर पुष्कळ अवलंबून असते. आणि नेताना ती शेंग, ते पान सोबत न्या. डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि सांगा, हे खाल्ले असेल. डॉक्टर हसले तरी सांगा.

कोणी म्हणेल, कासोद्याचे बी भाजून कॉफीसारखे पितात, आमचे आजोबा औषधात वापरत. खरे आहे. आफ्रिकेत, अमेरिकेत ते तसे प्यायले जात असे, आणि पाने उकळून पाणी टाकून खाणारेही लोक आहेत. पण ते भाजलेले, उकळलेले, मोठ्या माणसाच्या पोटात गेलेले. भातुकलीत कच्चे बी सोलून वरण म्हणून खाणाऱ्या तीन वर्षांच्या पोरीचा आणि त्याचा काही संबंध नाही. ढोरांनासुद्धा या बियांनी स्नायू गळून पडण्याचा आजार होतो, हे जनावरांच्या डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत होते. गुरांचे माहीत होते, लेकरांचे उशिरा कळले.

आता अवघड भाग. अशी बातमी आली की पहिला प्रश्न विचारला जातो, आई कुठे होती? बिहारमध्ये मुझफ्फरपूरला लिचीच्या बागांत अशीच मुले जात होती. तिथल्या तपासणीचा अहवाल २०१७ साली छापून आला. त्यात दिसले की दिवसभर बागेत लिची खाऊन रात्री जेवण न करता झोपलेल्या मुलांना धोका सगळ्यांत जास्त. लिचीत साखर खाली आणणारे द्रव्य असते. सल्ला साधा होता, मुलांना रात्री जेवू घाला. सल्ला बरोबर होता. पण तो ऐकताना असे वाटते की जणू आईने भरलेला हंडा झाकून ठेवला होता आणि मुलाला मुद्दाम वाढले नाही.

आई कुठे होती, याचे उत्तर राजूरला सगळ्यांना ठाऊक आहे. आई भट्टीवर होती. चुनखडीचे दगड फोडत होती, भट्टी भरत होती, निघालेला चुना डोक्यावरून वाहत होती. किंवा दुसऱ्याच्या वावरात सोयाबीन सोंगत होती. लेकरू सात वर्षांच्या मोठ्या बहिणीच्या कडेवर होते, आणि ती बहीण त्यासाठीच शाळेत गेली नव्हती. अंगणवाडी दुपारी बंद होते, आईची सुटी दिवस मावळल्यावर होते. या मधल्या चार-पाच तासांत भूक लागते. मूल भूक लागल्यावर काय करते? हाताला येईल ते तोंडात घालते. आणि हाताला कासोदा येतो, कारण तो कोणाच्या मालकीचा नाही, त्याला राखण नाही, ढोरे त्याला वासामुळे तोंड लावत नाहीत. बोरीला काटे असतात, पेरूला मालक असतो.

पाळणाघराची गोष्ट नवी नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातच, पन्नासहून जास्त बाया कामावर असतील तर मालकाने पाळणाघर चालवावे असे लिहिले गेले होते, पुढे १९७६ मध्ये ती संख्या तीसवर आणली गेली. खाणींसाठी १९६६ मध्ये पाळणाघराचे वेगळे नियम केले गेले. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तर पुढे जाऊन म्हटले होते की कामावर सहा वर्षांखालची पाच मुले असतील तर एका बाईला मुले सांभाळायचे काम द्यावे आणि तिला तेवढीच मजुरी द्यावी. कायदे बदलत राहिले, पण ही गोष्ट प्रत्येक पिढीत कागदावर होती. कागदावरून भट्टीपर्यंत ती का आली नाही? कारण हजेरीपटावर बाया तीसच्या आत दाखवायच्या, किंवा दाखवायच्याच नाहीत. ठेकेदार जोडप्याला कामावर घेतो, नाव नवऱ्याचे लिहितो. बाईचे नाव नाही म्हणजे बाई नाही, बाई नाही म्हणजे तिचे लेकरू नाही. मग ते कासोद्याखाली खेळते.

तेव्हा झाड ओळखण्याचा प्रश्न आणि हजेरीपटावर नाव लागण्याचा प्रश्न मी वेगळा मानत नाही. तरीही, पाळणाघर मिळेपर्यंत झाड ओळखायला शिकू नये असेही मी म्हणणार नाही. दोन्ही एकदम करावे लागेल.

आणखी एका गोष्टीने ही ओळख तुटते आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत पऱ्हाटीत दोन-तीन निंदण्या होत. पोरी आयांच्या पाठोपाठ वावरात येत आणि झाडे शिकत. आता तणनाशक मारतात. चोरून येणाऱ्या तणनाशक-सहनशील कपाशीच्या बियाण्याबरोबर ते अधिकच पसरले. निंदणाची मजुरी गेली, भाजी गेली, आणि पोरींची शाळाही गेली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कीटकनाशक फवारताना वीसहून अधिक माणसे विषबाधेने मेली, शेकडो दवाखान्यात गेली, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून तरोटा खुडताना आता झाड ओळखले की काम संपले असे नाही. धुऱ्यावर पाने पिवळी, करपलेली दिसली तर तिथला तरोटा घेऊ नका. फवारा नुकताच मारला असेल तर पान हिरवेच दिसते, म्हणून मालकाला विचारा, केव्हा मारले, काय मारले. विचारायचा हक्क आहे. कोळशाच्या गाड्या जातात त्या रस्त्याच्या कडेचा आणि भट्टीलगतचाही नको, त्यावर काळी आणि पांढरी दोन्ही धूळ बसलेली असते. आत, पडीकात, वाहत्या पाण्याच्या बाजूचा घ्या, आणि तीन पाण्यांनी धुवा.

जाता जाता एक. कृषी खात्याची माणसे सांगतात की शेंगावर्गातले प्रत्येक झाड मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देते. तूर देते, चवळी देते. तरोट्याच्या मुळांना तशा गाठी येत नाहीत. उपटून बघा. पुस्तकातले सगळेच उपटून बघायला हरकत नसते.

बियांचे राहिले. दिवाळीनंतर तुमच्यातल्या कितीतरी जणी तरोटा कापून, वाळवून, झोडपून, उपणून बी विकतात. ते बी जाते कुठे? त्यातून एक डिंकासारखी पूड निघते. ती परदेशात कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाण्यात रस्सा घट्ट करायला वापरतात. चीन-जपानकडे अशाच बियांचा चहा पितात. म्हणजे आपण ज्याला तण म्हणतो त्याला जगाच्या बाजारात भाव आहे, फक्त तो भाव गावच्या काट्यापर्यंत पोहोचत नाही. केंद्र सरकारने वनोपजांना किमान आधारभूत किंमत देण्याची जी योजना काढली, तिच्या यादीत या बियांचे नाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर गोळा करणाऱ्या वनवासी समाजाची मालकी मानली आहे. आपल्या भागातल्या कोलाम बायांना हे सांगायला हवे, आणि त्यांच्याकडून झाडे शिकायलाही हवीत. व्यापारी पोते उलथून बघतो आणि म्हणतो, यात कचरा आहे, भाव कमी. त्यात कासोद्याचे चपटे बी मिसळले असेल तर त्याला आयते निमित्त मिळते. शिवाय असले मिश्रण कोणाच्या तरी पोटात जायला नको. कापणीच्या वेळीच वेगळे करा. उभे झाड ओळखणे सोपे, पोत्यातले बी वेचणे कठीण.

शेवटी समोरच्या ताईंनी मघाशी विचारले त्याचे उत्तर देते. त्या म्हणाल्या, मग कासोदा उपटूनच टाकायचा का? मलकानगिरीत प्रशासनाने तेच केले, गावोगाव झाडे उपटली. इथे सगळ्या शिवारातला कासोदा उपटणे होणार नाही, आणि त्याची गरजही नाही. अंगणवाडीच्या आवारातला, शाळेच्या कुंपणाचा, हातपंपाजवळचा, भट्टीवर लेकरे बसतात तिथला, एवढा निघाला पाहिजे. शेंग पिकून फुटायच्या आधी, म्हणजे येत्या पंधरा दिवसांत. एकदा बी जमिनीत पडले की पुढल्या मृगाला पुन्हा तेवढाच. उपटून तिथेच ढीग टाकू नका, वाळलेल्या शेंगांशीच मुले जास्त खेळतात, त्या खुळखुळ्यासारख्या वाजतात.

आणि हे काम कोण करणार? "महिला मंडळाने श्रमदान करावे" असा ठराव ग्रामपंचायत लगेच करील, मला माहीत आहे. तो होऊ देऊ नका. येत्या ग्रामसभेत आपण जाऊन सांगायचे की हे आरोग्याचे काम आहे, याला मजुरी ठरवा, हजेरीपट ठेवा आणि त्यावर बायांची नावे बायांच्याच नावाने लिहा. कोणते झाड उपटायचे ते दाखवायला आपल्यातल्या दोन जाणत्या मावशी बरोबर राहतील, त्यांचीही हजेरी लागली पाहिजे. अर्ज लिहून आणला आहे. ज्यांना सही येते त्यांनी सही करा, ज्यांना येत नाही त्यांनी अंगठा द्या, शाई माझ्याजवळ आहे.